हेझन पिंग्री : बटाट्यांपलीकडचा महापौर

आपण दोन प्रश्न विचारले आहेत : अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे महापौर हेझन पिंग्री यांचे नाव केवळ बेकारांसाठीच्या बटाटे-लागवडीच्या योजनेमुळे राहिले का, आणि स्वतः कारखानदार असूनही ते कंपन्यांच्या विरोधात का गेले. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे.

पिंग्री 1840 साली मेन राज्यातील डेन्मार्क या गावी जन्मले. तरुणपणी जोड्यांच्या कारखान्यात मजुरी करून ते अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले आणि पकडले गेल्यावर अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध बंदिछावणीत राहिले. युद्धानंतर डेट्रॉइटला येऊन त्यांनी भागीदारीत जोड्यांचा कारखाना काढला व तो भरभराटीस आणला. 1889 मध्ये रिपब्लिकन पक्षातील धनिकांनी त्यांना महापौरपदासाठी उभे केले, ते हा माणूस काटकसरीने कारभार करील आणि आपल्या वाटेला जाणार नाही या भरवशावर. काटकसरीचा भरवसा खरा ठरला, आणि त्यातूनच पुढचे सारे घडले. रस्ते, दिवे, ट्राम यांचे हिशेब ते कारखानदाराच्या नजरेने तपासू लागले, तेव्हा शहर प्रत्येक गोष्टीचे वाजवीपेक्षा जास्त दाम मोजत असल्याचे त्यांना दिसले.

1891 च्या ट्राम संपात दंगल उसळली, तरी त्यांनी लष्करी तुकड्या बोलावण्यास नकार दिला. त्यानंतर तीन सेंट भाड्याचा आग्रह धरून त्यांनी जुन्या ट्राम कंपनीसमोर स्पर्धक कंपनी उभी राहू दिली. पथदिव्यांसाठी महापालिकेचे स्वतःचे वीजकेंद्र 1895 मध्ये सुरू झाले. शिक्षण मंडळाच्या लाचखोर सदस्यांबाबत तर ते 1894 मध्ये थेट मंडळाच्या बैठकीत गेले, राजीनामे मागितले, आणि तेथेच काहींना पोलिसांनी अटक केली. या प्रसंगात नाट्य थोडे अधिक आहे, पण तो त्यांच्या स्वभावाला साजेसाच आहे.

आता बटाटे. 1893 च्या मंदीने हजारो कामगार बेकार झाले. पिंग्रींनी शहरातील पडीक जमिनी मालकांकडून तात्पुरत्या मागून घेतल्या आणि 1894 च्या उन्हाळ्यात सुमारे 430 एकरांवर नऊशेहून अधिक कुटुंबांना बटाटे व इतर भाजीपाला पिकविण्यास दिल्या. बियाणे व नांगरणीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी आपला आवडता घोडा लिलावात काढला. पोलिश आणि जर्मन स्थलांतरितांना कळावे म्हणून लागवडीच्या सूचना इंग्रजीसह तीन भाषांत छापल्या होत्या. वृत्तपत्रांनी आधी टर उडविली. पीक हाती आल्यावर मात्र इतर शहरांनीही हा प्रयोग उचलला. तरीही माझ्या दृष्टीने हे तात्पुरते साहाय्य होते. कारकिर्दीचा गाभा भाडे आणि दिवे यांच्या भांडणात आहे, कारण त्या प्रश्नांची झळ शहरातील प्रत्येक घराला रोज लागत होती.

त्यांची मोठी चूकही सांगितली पाहिजे. 1896 मध्ये मिशिगनचे गव्हर्नर म्हणून निवडून आल्यावरही त्यांना महापौरपद सोडवेना. आपल्यामागे ट्रामचा लढा कोण चालवील, ही त्यांची चिंता समजण्याजोगी असली तरी एका व्यक्तीने दोन्ही पदे धरणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाले नाही. 1897 मध्ये त्यांना महापौरपद सोडावे लागले आणि रिकाम्या जागी डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम मेबरी निवडून आले. पिंग्री 1901 मध्ये लंडन येथे वारले. आज ग्रँड सर्कस पार्कमध्ये, वुडवर्ड मार्गाच्या एका बाजूस पिंग्रींचा आणि दुसऱ्या बाजूस मेबरींचा पुतळा आहे.