तीन विभाग पाडू नकोस

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

तुझ्या अंकाचा आराखडा दोनदा वाचला. चित्रकला, राजकारण, अध्यात्म. तीन विभाग, तीन संपादक. मला नेमकं तिथेच खटकलं.

सान फ्रान्सिस्कोत १९६६ ते १९६८ या काळात ‘ओरॅकल’ नावाचं वृत्तपत्र निघायचं. जेमतेम बारा अंक. छापताना ते शाईच्या एकाच हौदात आडोसे घालून वेगवेगळे रंग ओतत. रोलर फिरला की कडेकडेने रंग एकमेकांत उतरायचे. त्यांचं राजकारणही तसंच होतं. शेजारच्या बर्कलीचे युद्धविरोधी कार्यकर्ते आणि ध्यानधारणेत रमलेली हिप्पी मंडळी एकमेकांकडे संशयाने बघत, तर संपादक अ‍ॅलन कोहेन आणि चित्रकार मायकेल बोवेन यांनी पुढाकार घेऊन दोघांना १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट पार्कमधल्या एका मेळाव्यात शेजारी बसवलं.

तुला तर मेळावा भरवायचीही गरज नाही. तुझं घर घणसोली गावठाणात. तूच मला सांगितलंस की देवळात हरिपाठाला उभे राहणारे तुझे आजोबा जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या हाकेसरशी उरणकडे निघाले होते. त्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतके भूखंड पदरात पडले. त्याच आजोबांच्या अंगणात आत्याच्या लग्नाला धवलारीण रात्रभर धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गात होती. आता यातलं काय कुठल्या विभागात टाकणार? धवला आणि सातबारा एकाच पानावर छाप. मधे रेघसुद्धा मारू नकोस.

अंक किती दिवस चालेल, याचा घोर सोड. १९६१ सालच्या अशोक शहाण्यांच्या ‘अथर्व’चा एकच अंक निघाला, तरी लघुनियतकालिकांचा विषय निघाला की त्याचं नाव अजून घेतलं जातं. आम्ही तरुणपणी इथेच सायक्लोस्टाइलवर चार अंक काढले होते. पहिले दोन जीव ओतून. पुढचे दोन फक्त ठरलेली तारीख चुकू नये म्हणून, हाती येईल तो मजकूर भरून. बंद पडल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. त्या दोन भरताड अंकांचं मात्र आजही वाटतं.

तेव्हा एका फॉर्म्याचाच काढ, सोळा पानं. मधे दोन पिना मार, झालं. कव्हरला जाड कागद घे, आतल्या कागदाचे लाड नकोत. दोन प्रती मराठी ग्रंथ संग्रहालयात नेऊन दे. १८९३ पासून ठाण्याने तिथे कागद जपला आहे, तुझाही जपेल.

आणि त्या धवलारणीकडे याच आठवड्यात जा. तिचं वय झालंय म्हणालास. फोनवर रेकॉर्ड कर, पण जवळ बसून हाताने उतरवूनही घे, शब्द तिच्याकडूनच तपासून घे. मानधन आधी दे. रविवारी वही घेऊन घरी ये, मी चहा टाकतो.

तुझा,
काका