रशियाचं तेल घेणं बंद केलं आणि पेट्रोल महागलं, तर लोक सहन करतील का?

वरचा प्रश्न तुम्ही लोकांना विचारलाय, आणि त्याच्या खाली असंही विचारलंय, की भाव वाढून गाड्या कमी फिरल्या आणि धूर कमी झाला तर लोक उलट स्वागत करतील का, की आपल्याकडच्या लोकांना प्रदूषणाचं काही पडलेलंच नाही. मी परभणी जिल्ह्यात एका पेट्रोल पंपावर बरीच वर्षं मॅनेजर आहे. सकाळी सहाला नवा भाव लागला की सगळ्यात आधी शिव्या खातो तो नोझलवरचा पोरगा, आणि दुसरा मी. लोकांचं मत काय, हे आम्हाला वेगळं विचारावं लागत नाही. म्हणून लिहितोय.

आधी सरळ उत्तर देतो. पाच रुपये वाढले तर लोक भरतील. दहा वाढले तरी भरतील, 2022 मध्ये भरलेच ना. पण रशियाचं कारण सांगून वाढवले तर ते कारण कोणी खरं मानणार नाही, आणि राग येईल तो त्याचा येईल. युक्रेनच्या युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचं तेल दोन टक्क्यांच्याही आत होतं. पुढे ते 35 टक्क्यांच्या वर गेलं. रशियाचं तेल किती स्वस्तात पडतंय, हे टीव्हीवर रोज चाललेलं असायचं. पंपावर काय झालं? मे 2022 मध्ये केंद्राने एक्साइज 8 रुपयांनी कमी केली, जुलैमध्ये राज्याने व्हॅट 5 रुपयांनी उतरवला. त्यानंतर पावणेदोन वर्षं भाव जवळजवळ जागच्या जागी. मार्च 2024 मध्ये 2 रुपये उतरले, ते लोकसभेच्या तोंडावर. आता तेच गिऱ्हाईक विचारणार, स्वस्त घेतलंत तेव्हा आम्हाला काय दिलंत? मग महाग घ्यायची वेळ आल्यावर आमच्या खिशात हात का? यावर माझ्याकडे उत्तर नसतं. भाव आम्ही ठरवत नाही, आमच्या कमिशनचा मोठा भाग लिटरमागे ठरलेला असतो, भाव वाढला की आमच्या हातात फारसे जास्त पैसे येत नाहीत, उलट टँकर मागवायला जास्त पैसे गुंतवावे लागतात. हे सांगून सांगून तोंड दुखतं.

आणि आयात बंद झाल्याचं लोकांना वेगळं कळतही नाही. इराणचं उदाहरण घ्या. 2018-19 मध्ये इराण आपल्याला तेल देणाऱ्या मोठ्या देशांत होता. अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून दिलेली सवलत काढून घेतली आणि मे 2019 पासून आपण तिथलं तेल घेणं थांबवलं. एवढी मोठी आयात बंद पडली, पण माझ्या पंपावर त्याबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही, कारण त्या दिवसांत भावात धक्का बसला नाही. तेल कुठल्या देशातून येतं यावर लोक मत बनवत बसत नाहीत. आमच्यासाठी तेल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. जानेवारी 2024 मध्ये नव्या हिट अँड रन कायद्याविरुद्ध टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पानेवाडीतून टँकर निघाला नाही आणि रात्रीतून राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. लोकांना बंदी कळते ती अशी.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसलो.

माझे दाजी पुण्यात असतात, चांगल्या कंपनीत आहेत, वाचन दांडगं. माणूस मनाने चांगला, आमच्या वडिलांच्या ऑपरेशनला सगळ्यात आधी तेच धावून आले होते. 2022 च्या पाडव्याला ते आणि ताई आमच्याकडे आले. ते दिवस आठवा. उत्तर प्रदेशची निवडणूक होईपर्यंत साडेचार महिने भाव गोठवून ठेवलेला, आणि 22 मार्चपासून रोज ऐंशी-ऐंशी पैसे चढायला लागले. 6 एप्रिलपर्यंत चौदा वेळा वाढ झाली, एकूण 10 रुपये. परभणीत पेट्रोल 113 च्या आसपास होतं ते 123 च्या वर गेलं. देशात सगळ्यात महाग पेट्रोलच्या यादीत आमचं नाव तेव्हा रोज टीव्हीवर यायचं. कारण साधं आहे: डेपो सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांब, टँकरचं भाडं लिटरवर चढतं. व्हॅटचा दर मुंबई-ठाण्याला आमच्यापेक्षा जास्त होता, तरी आमचंच महाग.

पुरणपोळी झाल्यावर ओसरीवर बसलो होतो. दाजी म्हणाले, "भाव वाढतोय ते चांगलंच आहे. दोनशे करायला पाहिजे. लोक आपोआप गाड्या कमी काढतील, बसने जातील, हवा सुधारेल." मग त्यांनी मोबाइलवर अमेरिकेची बातमी दाखवली. बायडन यांनी 8 मार्चला रशियन तेलावर बंदी घातली होती, आणि क्विनिपियाक विद्यापीठाच्या पाहणीत 71 टक्के अमेरिकनांनी सांगितलं होतं की पेट्रोल महागलं तरी बंदीला पाठिंबा आहे. "बघ, तिकडे लोकांना किती जाण आहे. आपल्याकडे रुपया वाढला की बोंबाबोंब."

मी एवढंच विचारलं, "दाजी, कोणत्या बसने?"

एसटीचा संप नोव्हेंबरपासून चालू होता. परभणीच्या स्टँडवर गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या चाकांखाली गवत उगवलं होतं. खेड्यातून दवाखान्यात यायचं तर मोटरसायकल नाही तर काळी-पिवळी, आणि काळी-पिवळीने भाडं कधीच वाढवलेलं. जी माणसं आयुष्यभर एसटीने गेली, त्यांनी त्या सहा महिन्यांत पावण्यारावळ्यांच्या मोटरसायकली मागून आणल्या. आणि नेमकं त्याच वेळी पेट्रोल दहा रुपयांनी चढवलं. दाजी म्हणाले, ते तात्पुरतं आहे, धोरण लांबचं बघून ठरवायचं असतं. विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत भाव वाढलेला. दाजी पुण्याला निघायच्या आधी आमच्याच पंपावर टाकी भरायला आले. त्यांच्या पुढे आमचा रोजचा एक दूधवाला होता. वीसेक किलोमीटरवरून येतो, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन, शहरात रतीब घालतो. तो रोज शंभरचंच टाकतो. आमच्याकडे दुचाकीवाले लिटरने घेतच नाहीत. पन्नासचं, शंभरचं, फार तर मशीन फसवेल म्हणून एकशेदहाचं. पोराने शंभर दाबले. दूधवाल्याने खाली वाकून पैशाचा आकडा नाही, लिटरचा आकडा वाचला. 0.83. दोन आठवड्यांपूर्वी तिथे 0.88 यायचं.

"मॅनेजर साहेब, पाच पॉइंट गेले."

मी म्हटलं, भाव वाढला, काय करणार.

"ते बरोबर आहे. पण आमच्या दुधाचा भाव कोण सकाळी सहाला बदलतंय?"

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. कॅनची दोरी आवळली आणि गेला. पाच पॉइंट म्हणजे पन्नास मिली, त्याच्या गाडीला दोन-अडीच किलोमीटर. त्याचं गाव तेवढं लांब गेलं, रोज, जाताना दूध भरलेलं असताना. त्याने फेरी बंद करायची कशी? गाईला सांगायचं का आज दूध देऊ नकोस? पुढच्या महिन्यात त्याने संध्याकाळचा रतीब सोडला, तेवढीच त्याची "बचत". दाजी मागे गाडीत बसून ऐकत होते. त्यांनी काच खाली केली, "फुल्ल" म्हणाले, कार्ड दिलं. मीटरकडे बघायची त्यांना गरज नव्हती.

मला एवढंच म्हणायचंय. भाव वाढवून पेट्रोल कमी जाळायला लावायचं, तर कमी जाळतो तो ज्याच्याकडे शंभरच असतात. ज्याला फुल्ल करता येतं तो फुल्लच करतो. आणि पुढे जून 2022 मध्ये अमेरिकेत गॅलनला सरासरी 5 डॉलर झाल्यावर बायडन यांनाच इंधनावरचा कर तीन महिने माफ करायची मागणी संसदेकडे करावी लागली, जुलैमध्ये सौदीला जावं लागलं. पाहणीत हो म्हणणं आणि टाकी भरताना हो म्हणणं यात फरक तिकडेही आहे. दाजींना मी तेव्हा ती बातमी पाठवली होती. उत्तर आलं नाही.

प्रदूषणाचं "पडलेलं नाही" हे वाक्य मला लागलं. आमच्या पंपावरच्या पोरांकडे या. मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीला, दुपारी टाकीचं झाकण उघडलं की तोंडातून वाफ निघताना डोळ्याला दिसते, मागची भिंत हलल्यासारखी वाटते. त्या वाफेत बेन्झीन असतं, ते कॅन्सरला कारण आहे. टँकर खाली होत असतो तेव्हा वासाने डोकं धरतं. पोरं तोंडाला गमछा बांधतात, दुसरं काय करणार. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्याजवळच्या गावांत जा, कापसाच्या बोंडावर राख बसते, उन्हाळ्यात वारा सुटला की घरात ताट झाकून जेवावं लागतं. त्या लोकांना जाऊन विचारा प्रदूषणाबद्दल काय वाटतं. त्यांना कळतं, पुण्याच्या माणसापेक्षा जास्त कळतं. त्यांना फक्त हे पटत नाही की धुराचा त्रासही आपणच काढायचा आणि धूर कमी करायचं बिलही आपल्याच नावावर फाडायचं.

तसं बिल फाटलेलं त्यांनी पाहिलंय. 2015 मध्ये राज्याने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये लावले. दुष्काळ आमच्या मराठवाड्यातला, आणि ते 2 रुपये मराठवाड्यानेही भरले. 2016 ला पाऊस झाला, नद्या वाहिल्या, तो अधिभार पुढची काही वर्षं चालूच राहिला. 2020 च्या लॉकडाउनमध्ये क्रूडचे भाव कोसळले, तेव्हा केंद्राने पेट्रोलवरची एक्साइज वाढवून 32 रुपये 98 पैसे केली. 2014 मध्ये ती साडेनऊ रुपयांच्या आत होती. एवढं पाहिलेल्या माणसाला तुम्ही "देशासाठी", "हवेसाठी" असं सांगून आणखी पाच रुपये मागायला गेलात, तर तो नाही म्हणणारच. ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचंही तेच झालं. इथेनॉल घातलं, परकीय चलन वाचलं, उसाला भाव मिळाला, हे सगळं मान्य. मायलेज थोडं कमी होतं हे सरकारनेही मान्य केलंय. मग भावात काही सूट? नाही. दूधवाला तेच विचारतो, लिटरमध्ये.

दिल्लीचं बघा. 1 जुलै 2025 पासून दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी पंपावर आली तर इंधन द्यायचं नाही, असा नियम आला. पंपांवर कॅमेरे लावले, पोलीस उभे केले. दिल्लीइतकी वाईट हवा कुठे असेल? तरी लोकांचा असा ओरडा झाला की दोन-तीन दिवसांत ते गुंडाळावं लागलं. गाडी ओढून न्यायची धमकी आधी आणि जुनी गाडी देऊन नवी कशी घ्यायची हे कोणी सांगायचं नाही, असं केल्यावर दुसरं काय होणार. आणि हे सगळं पंपवाल्याने नोझल हातात धरून अडवायचं.

एक-दोन गोष्टी दुसऱ्या बाजूच्याही सांगायला हव्यात. रशियन तेलावरची सगळी कमाई कंपन्यांनी खिशात घातली असंही नाही. एप्रिल ते जून 2022 या तिमाहीत भाव गोठवल्यामुळे तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून 18 हजार कोटींच्या वर तोटा झाला होता. पण 2023-24 मध्ये त्यांचाच नफा 80 हजार कोटींच्या आसपास गेला, त्यातून पंपावर आले ते 2 रुपये. रशियाचं तेल बंद झालं तर भाव पाच रुपयांनी वाढेलच असंही नाही, ते आखातात तेव्हा काय चाललंय त्यावर आहे. आणि दाजींचं एक म्हणणं खरं आहे, तेल कायम स्वस्त ठेवलं तर कोणी कमी जाळणार नाही. 85 टक्क्यांच्या वर तेल बाहेरून आणणाऱ्या देशाला ते परवडणारंही नाही. नोव्हेंबर 1973 मध्ये अरब देशांच्या तेलबंदीनंतर इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोल महाग केलं, तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. विरोधात बसल्यावर सगळेच बैलगाडी काढतात, म्हणून एका पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही.

तुम्हाला खरंच लोकांचं मत काढायचं असेल, तर "जास्त पैसे द्याल का" असं विचारू नका. तुमच्याकडे पेट्रोल न जाळता जायची दुसरी सोय आहे का, हे आधी विचारा, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचं मत वेगळं मोजा. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर कर लावा, मोठ्या गाडीवर लावा, दुसऱ्या-तिसऱ्या गाडीवर लावा, माझी हरकत नाही, दाजींचीही नसावी. आमच्याकडे मात्र दूधवाल्याच्या गावाहून सकाळी परभणीला यायला आणि संध्याकाळी परत जायला अशा दोन एसटी आधी सुरू करा, वेळेवर, टपावर कॅन ठेवता येतील अशा. त्यानंतर रशियाचं तेल बंद करा, पेट्रोल दोनशे करा, मी स्वतः बोर्डावर आकडा लावतो.