जुन्या एरोन्का चॅम्पचे इंजिन अर्ध्या तासानंतर शक्ती का गमावते?

आपल्या प्रश्नातील तपशील असे आहेत: 1946 चे एरोन्का चॅम्प हे दोन आसनी छोटे विमान, 65 अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन, उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या तासाने इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे 2150 वरून हळूहळू 1900 पर्यंत उतरतात, विमान खाली आल्यावर इंजिन ठणठणीत चालते, आणि कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) दोनदा उघडून स्वच्छ करूनही फरक पडलेला नाही. अमेरिकेत अशाच विमानांच्या देखभालीचे काम मी करतो, त्यामुळे मत स्पष्ट सांगतो: कार्ब्युरेटर इतक्यात तिसऱ्यांदा उघडू नका. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, अडकलेला कचरा विमान उतरले म्हणून सहसा आपोआप निघून जात नाही; कार्ब्युरेटरमध्ये साचलेला बर्फ मात्र वितळून जातो आणि मेकॅनिक येईपर्यंत त्याचा मागमूसही उरत नाही.

कार्ब्युरेटरच्या व्हेंचुरीमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेच्या अरुंद भागात, हवेचा दाब कमी होतो आणि त्याच जागी पेट्रोलचे बाष्पीभवन होते. या दोन्हींमुळे तेथील तापमान 30 अंश सेल्सिअसनेही उतरू शकते. म्हणूनच बाहेर 20 ते 25 अंशांची प्रसन्न पण दमट हवा असताना थ्रॉटलच्या (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पाकळीवर बर्फ धरतो, आणि कमी शक्तीवर उतरताना तर त्याहून उबदार हवेतही धरतो. पंख्याचे पाते स्थिर कोनाचे असल्यामुळे त्याचे पहिले लक्षण म्हणजे फेऱ्यांची संथ घसरण, जी अनेक वैमानिक नकळत थ्रॉटल पुढे सारून झाकून टाकतात. आपल्या इंजिनात ही प्रवृत्ती विशेष आहे, कारण बहुतेक लायकमिंग इंजिनांत कार्ब्युरेटर गरम ऑइल सम्पला (तेलाच्या टाकीला) लागून असतो आणि कॉन्टिनेन्टलमध्ये तो तेलाच्या उष्णतेपासून दूर, थंड हवेत असतो. (भारतातील फ्लाइंग क्लबांचे पुष्पक हे एरोन्का चीफच्याच वळणाचे, 90 अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टलचे विमान होते, कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यालाही हेच कारण लागू पडते.)

निदान कार्ब हीटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या, दांड्याने होते. पुरेशा उंचीवर, धावपट्टीच्या टप्प्यात असताना आणि घसरण सुरू होताच दांडा पूर्ण ओढावा, अर्धवट नव्हे. बर्फ नसेल तर गरम, विरळ हवेमुळे फेरे थोडे उतरतात आणि तेथेच स्थिर राहतात. बर्फ असेल तर ते आणखी उतरतात, वितळलेले पाणी आत गेल्याने इंजिन क्षणभर खडखडते आणि मग फेरे वर चढू लागतात. त्या खडखडाटाला घाबरून दांडा परत ढकलणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे. दांडा ओढल्यावर फेऱ्यांत काहीच फरक पडत नसेल, तर केबल, एअरबॉक्समधील (कार्ब्युरेटरला हवा पुरवणाऱ्या पेटीतील) झडप आणि गरम हवेची नळी तपासावी. झडप नीट बंद होत नसल्यास इंजिन सदैव गरम हवा ओढत राहते आणि शक्ती कायमच कमी मिळते.

कार्ब हीटने फेरे परत आले नाहीत तर माझा दुसरा संशय टाकीच्या झाकणातील हवेच्या वाटेवर राहील. इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने येते. हवेची वाट बुजली की टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो आणि प्रवाह मंदावतो, तोही उड्डाणानंतर बऱ्याच वेळाने. हँगरमध्ये उभ्या विमानात कुंभारीण माशीने तेथे घर केलेले असणे मुळीच नवलाचे नाही. उतरताच झाकण उघडून हवा आत ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. त्यानंतर कार्ब्युरेटरला जोडणारी नळी सोडवून प्रवाह मोजावा. तो टेकऑफच्या वेळी लागणाऱ्या इंधनाच्या निदान दीडपट असायला हवा. गॅस्कोलेटरची (इंधन गाळणाऱ्या भांड्याची) जाळी आणि जुन्या रबरी नळीचे आतून सुटलेले अस्तर याच वेळी पाहून घ्यावे.

मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची) कॉइल तापल्यावर दगा देते, पण तेव्हा इंजिन ठोके चुकवते आणि धक्के जाणवतात; आपण वर्णन केलेली घसरण गुळगुळीत आहे. तरीही मॅग्नेटोची चाचणी उतरल्याबरोबर, इंजिन गरम असतानाच करावी, कारण थंड इंजिनावर केलेली चाचणी या बाबतीत निरुपयोगी ठरते. मफलरच्या आतील तुटलेला पत्रा निकासाचा मार्ग अडवू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

या सगळ्याच्या आधी मात्र टॅकोमीटर (फेरे दाखवणारा मापक) ऑप्टिकल यंत्राने पडताळून घ्यावा. इतक्या जुन्या यांत्रिक टॅकोमीटरचा काटा चांगलाच चुकलेला असू शकतो.

एवढे करूनही दोष राहिला, तरच परवानाधारक मेकॅनिककडून कार्ब्युरेटर पुन्हा उघडवावा आणि या वेळी जेटऐवजी फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी राखणारा तरंगता भाग, पाहायला सांगावे. पोकळ पितळी फ्लोट कानाजवळ हलवल्यावर आत पेट्रोल हिंदकळत असेल, तर त्याला सूक्ष्म भोक पडलेले आहे. जड झालेल्या फ्लोटमुळे इंधनाची पातळी वर जाते आणि मिश्रण गरजेपेक्षा समृद्ध होते. तसे असेल तर जमिनीवरही निकासातून काळा धूर दिसायला हवा, आणि आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही.