पाणवनस्पतींचा लिलाव हाती घेताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या अ‍ॅक्वेरियम क्लबचा पाणवनस्पतींचा लिलाव यंदा तुझ्याकडे आलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. पुकारायचं कसं आणि बोली चढवायची कशी, हे तू विचारलंस. त्यावर लिहितोच, पण आधी पिशवीबद्दल लिहिणार आहे. लिलाव जमला की नाही हे त्या दिवशीच्या गल्ल्यावरून कळत नाही. महिना-दीड महिन्यानं घेणाऱ्याच्या टाकीत ते रोप जगलंय का, यावरून कळतं. ते जगणं बरंचसं पिशवीत काय भरलं आणि पिशवीवर काय लिहिलं यावर अवलंबून असतं.

रोपं आणणाऱ्यांना दोन आठवडे आधी सूचना पाठव. एका पिशवीत किमान किती माल हवा, ते त्यात स्पष्ट असू दे. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला अशा दांड्यांच्या रोपांच्या आठ ते दहा काड्या, प्रत्येक १२ ते १५ सेंमी. क्रिप्टोकोरिनची मुळांसकट तीन रोपं. अनुबियास किंवा बुसेफलँड्राचा पाच पानं आणि जिवंत टोक असलेला कंद. मॉस मूठभर, पिळून मोजलेलं. हे ठरवलं नाही तर कोणी तीन काड्या आणतो, कोणी बादली, आणि घेणाऱ्याला भावाचा अंदाजच येत नाही.

पिशवी पाण्यानं भरायची नाही. मासे नेताना पाणी लागतं. रोपांना ओलावा पुरतो. जास्त पाणी डचमळलं की कोवळ्या काड्या मोडतात आणि पिशवी फुटली तर टेबलभर पसारा होतो. रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, तळाशी दोन-तीन चमचे पाणी आणि वर थोडी हवा ठेवून पिशवी बंद केली की दिवसभर टिकतात. शिशाच्या पट्ट्या, रबरबँड आणि रोपवाटिकेतलं रॉकवूल (मुळांभोवतीचा लोकरीसारखा कृत्रिम धागा) घरूनच काढून यायला सांग. रबरबँडखाली दांड्या सडतात, आणि तो सडका भाग दुसऱ्याच्या टाकीत जातो.

चिठ्ठी पिशवी कोरडी असतानाच चिकटवायची, रोप नंतर भरायचं. ओल्या प्लॅस्टिकवर ना टेप बसत ना शाई. मास्किंग टेपवर पर्मनंट मार्करनं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचता येतं. चिठ्ठीवर रोपाचं नाव, नग, विक्रेता क्रमांक आणि कमीत कमी किंमत तर हवीच. शिवाय तीन गोष्टींवर अडून बस. पहिली, रोप पाण्याखाली वाढवलंय की पाण्याबाहेर. दुसरी, त्याला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, वेगळा मिळत होता का. तिसरी, टाकीत गोगलगायी आहेत का.

पहिल्या मुद्द्यावरून सगळ्यात जास्त तक्रारी येतात. दमट हवेत वाढवलेल्या रोपाची पानं पाण्यात टिकत नाहीत. ती गळतात आणि नवी, वेगळ्या आकाराची पानं येतात. क्रिप्टची, म्हणजे क्रिप्टोकोरिनची, तर जागा बदलली तरी पानं विरघळतात. नवख्याला वाटतं रोप मेलं, आणि तो ते उपटून टाकतो. म्हणून क्रिप्टच्या प्रत्येक पिशवीत एक छोटी चिठ्ठी टाक: ‘पानं विरघळली तरी मुळं काढू नका, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतील.’ एवढ्या एका ओळीनं कितीतरी रोपं वाचतात.

नावाबद्दल काटेकोर राहा. बाजारात रोटाला इंडिका म्हणून विकलं जाणारं रोप बऱ्याचदा रोटाला रोटुंडिफोलिया असतं. ज्याला खात्री नाही त्यानं ‘रोटाला, जात नक्की नाही’ असं लिहावं. त्यानं भाव थोडा पडला तरी चालेल. आणि लकी बांबू, स्पॅथिफायलम, सिंगोनियम यांच्या पिशव्या नोंदणीच्या टेबलावरूनच परत कर. ही जमिनीवरची झाडं आहेत. बुडवून ठेवली तर सडतात.

गोगलगायी, डकवीड (पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी वनस्पती) आणि शेवाळ हे लिलावातून सगळ्यात झपाट्यानं पसरणारे पाहुणे. काळ्या दाढीसारखं शेवाळ पानांच्या कडांवर दिसलं तर ती पिशवी घेऊ नकोस, विक्रेता कितीही जुना सभासद असो. मॉस हातात घेऊन उजेडात बघ. त्यात युट्रिक्युलेरिया गिबा या पाणवनस्पतीचे केसासारखे धागे गुंतलेले असू शकतात आणि एकदा टाकीत गेले की निघत नाहीत. घरी धुवायचं असेल तर पोटॅशियम परमँगनेट चालतं: एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवायचं, त्यातलं १० मिली द्रावण दर लिटर पाण्यामागे घालायचं, रोपं दहा मिनिटं बुडवायची आणि स्वच्छ पाण्यात खळखळून धुवायची. आधी एका काडीवर करून पाहावं. गोगलगायीची अंडी त्यानंही मरतील याची खात्री नसते, त्यामुळे चिठ्ठीवर ‘गोगलगायी आहेत’ हे खरंखरं लिहिणंच महत्त्वाचं. रोपवाटिकेतून नुकतीच आणलेली रोपं असतील तर तेही लिहायला लाव. त्यांवर कीटकनाशक असू शकतं, आणि त्यानं कोळंबीची अख्खी टाकी जाऊ शकते.

काही रोपं लिलावात येऊच द्यायची नाहीत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणून जगभर गेली. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेची आज काय अवस्था आहे ते तुला दिसतंच. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडीत २०२० साली कॅबोम्बाच्या गुलाबी फुलांचा गालिचा पाहायला झुंबड उडाली आणि लोक रोपं उपटून घरी घेऊन गेले. ते रोपही बाहेरचंच. जलपर्णी, साल्व्हिनिया, पिस्टिया आणि कॅबोम्बा यांना आपल्या टेबलावर जागा नको. दुसऱ्या टोकाला सह्याद्रीतली रानातून खणून आणलेली रोपं. वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, फक्त इथल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, उगवतो, पावसाळ्यात फुलतो आणि उरलेलं वर्ष कंदाच्या रूपात जमिनीत काढतो. बारमाही कोमट टाकीत त्याचं काही खरं नाही. कास पठार २०१२पासून जागतिक वारशात आहे. तिथला कंद लिलावात दिसला तर तो आणणाऱ्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांग. ‘क्लबच्या लिलावात फक्त टाकीत वाढवलेलीच रोपं’ हा नियम लेखी असू दे.

आता प्रत्यक्ष दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार धर, सकाळची वेळ. उन्हात उभ्या गाडीत पिशव्या राहिल्या तर रोपं शिजल्यासारखी मऊ पडतात, म्हणून सगळ्यांना थर्माकोलचा डबा आणायला सांग. नोंदणी लिलावाच्या अर्धा तास आधी बंद. प्रत्येकी आठच पिशव्या, आणि एकाच जातीच्या दोनपेक्षा जास्त नाहीत. नाहीतर जावा फर्नचे पंधरा लॉट, म्हणजे पुकारायच्या पिशव्या, येतात आणि सातव्यापासून कोणी हात वर करत नाही.

क्रम लावण्यात तुझं खरं कसब आहे. सारख्या पिशव्या एकामागोमाग ठेवू नकोस. मध्ये किमान दहा लॉटचं अंतर ठेव. सुरुवातीला स्वस्त आणि चिवट रोपं घे, म्हणजे नव्या लोकांचा हात उघडतो. चांगला माल लिलावाचा एक तृतीयांश भाग झाल्यापासून मध्यापर्यंत विखरून ठेव. शेवटासाठी राखून ठेवलेला उत्तम बुसेफलँड्रा नेहमी पडत्या भावात जातो, कारण तोवर खिसे रिकामे झालेले असतात आणि निम्मे लोक गाडी काढायला गेलेले असतात.

बोली २० रुपयांपासून सुरू कर. शंभरपर्यंत दहा-दहानं, तीनशेपर्यंत वीस-वीसनं, पुढे पन्नासनं. पुकारणाऱ्यानं नाव, नग आणि पाण्याखालचं की बाहेरचं, एवढंच वाचावं. रोपाचं गुणगान गाऊ नये. एका लॉटला ४० सेकंद धरले तर ९० लॉट तासात होतात, मधली गडबड धरून दीड तास. कोणी बोललंच नाही तर तो लॉट पुढच्याला जोड आणि दोन्ही मिळून पुकार. तरी गेला नाही तर विक्रेत्याला परत, किंवा त्याच्या संमतीनं पहिल्यांदाच आलेल्या माणसाला फुकट. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाल्यावर घेणाऱ्याचा क्रमांक आणि रक्कम मोठ्यानं म्हण आणि क्षणभर थांब. त्या क्षणात लिहिणारा मान वर करून हो म्हणतो, तेव्हाच पुढची पिशवी.

लिहिणारे दोघे हवेत, स्वतंत्र कागदांवर: लॉट, विक्रेता, घेणारा, रक्कम. दर वीस लॉटनंतर दोन्ही कागद ताडून पाहायचे. चूक तेव्हाच पकडली तर माणसं समोर असतात. शेवटी पकडली तर वाद होतो. बोलीदारांच्या क्रमांकाचे अंक तळहाताएवढे आणि छापील हवेत. हातानं लिहिलेले १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात, आणि ६, ९ इंग्रजी आकड्यांत लिहिलेस तर पाटी उलटी धरली जाते. अंकाखाली रेघ ओढ.

विकलेली पिशवी लगेच हातात द्यायची नाही. घेणाऱ्याच्या क्रमांकाच्या क्रेटमध्ये ठेवायची आणि पावती दाखवली की सगळ्या एकदम द्यायच्या. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावू नये. त्याला एखादं रोप हवंच असेल तर तेवढ्या लॉटपुरतं दुसऱ्यानं पुकारावं. क्यूआर कोड क्लबच्या खात्याचा असावा, कुणा एकाच्या मोबाइलचा नको. तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क जातं, तेव्हा दहा आणि वीसच्या नोटांचे सुट्टे हजार-दीड हजार रुपये हाताशी ठेव.

वाटणी ७०-३० ठेव. १५० रुपयांच्या लॉटवर विक्रेत्याला १०५, क्लबला ४५. दान केलेल्या लॉटची पूर्ण रक्कम क्लबची, आणि तसं पुकारताना सांगायचं. लोक चार रुपये जास्त बोलतात. विक्रेत्यांचे पैसे दोन दिवसांत पोचले पाहिजेत. सोबत प्रत्येकाला त्याच्या लॉटची यादी आणि मिळालेला भाव पाठव. त्यावरून पुढच्या वेळी काय वाढवून आणायचं हे तो ठरवतो, आणि टेबलावर येणारा माल दरवर्षी सुधारतो.

हॉल सोडण्याआधी पडलेली पानं, तुटलेल्या काड्या आणि पिशव्यांतलं पाणी एका बादलीत गोळा करून घे. ते बेसिनमध्ये, गटारात किंवा नाल्यात ओतायचं नाही. पाणी झाडांच्या कुंडीत घाल, आणि रोपं गच्चीवर कडकडीत वाळवून मगच खतात टाक.

नोंदणीचा तक्ता तयार झाला की एकदा पाठव, नजर टाकतो.

कळावे.

तुझा हितचिंतक