दोन डायोडचं निळं लेझर मॉड्यूल: रेघ दुहेरी आणि उथळ पडते तेव्हा

भाऊ, तुमच्या कोरीवकामाच्या मशीनचं लेझर मॉड्यूल १० वॅटचं, ४५० नॅनोमीटरचं (निळ्या उजेडाचं), आत लेझर देणारे दोन डायोड. सागवानाच्या नेमप्लेटवर रेघ उथळ आणि दुहेरी पडते, म्हणून डायोड बदलायचं म्हणता. बदलू नका. रेघ दुहेरी पडते, म्हणजे दोन्ही डायोड जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. एक मेला असता तर रेघ उथळ पडली असती, पण एकेरी.

आधी मशीनचं डोकं (मॉड्यूल बसवलेला सरकता भाग) एका जागी उभं ठेवून काळ्या कार्डावर क्षणभर ठिपका मारा आणि मशीन बंद करून तो भिंगातून पाहा. ठिपका एकच असेल तर दोष बेल्टचा किंवा सैल झालेल्या स्क्रूचा आहे, मॉड्यूल उघडूच नका. दोन ठिपके दिसले तरच पुढे जा.

चष्मा ४५० नॅनोमीटरसाठी ओडी (उजेड अडवण्याचं माप) ५ किंवा जास्त छापलेला हवा. वेल्डिंगची काच चालत नाही. लाकडावरून पसरलेला उजेडही या ताकदीला डोळा खराब करतो, त्यामुळे खोलीत दुसरं कोणी असेल तर त्यालाही चष्मा, नाहीतर बाहेर.

उथळपणाचं कारण बहुतेक वेळा मॉड्यूलच्या खालच्या काचेवर बसलेला धूर असतो. सागवान तेलकट, त्याची काजळी चिकट. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यू घ्या, एकदाच एका दिशेने पुसा, टिश्यू बदला. अ‍ॅसिटोन नको, भिंग प्लास्टिकचं असेल तर पांढरं पडतं. काचेवर करपलेला डाग राहिला तर काच बदला. कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. त्याच्या ओल्या हवेतले क्षार काचेवर बसतात. जिनिंगजवळ घर असेल तर मॉड्यूलच्या पंख्यात सरकी-कापसाची रुई अडकते, तीही काढा. मे महिन्यात खोलीच ४३-४४ अंशांवर असली की हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) कितीही चांगला असो, निळा डायोड कमी उजेड देतो आणि त्याचं आयुष्य घटतं. त्या दिवसांत काम सकाळीच उरका.

आता दुहेरी ठिपका. दोन्ही किरण शेजारी शेजारी, समांतर निघतात आणि शेवटचं भिंग त्यांना एका बिंदूत आणतं. समांतरपणा बिघडला की बिंदू दोन. भिंगाचं फोकस-अंतर ४० मिमी आणि ठिपक्यांत ०.१ मिमी अंतर असेल, तर किरणांत २.५ मिलिरेडियनचा कोन आहे, म्हणजे दर मीटरला २.५ मिमी फरक. शेवटचं भिंग काढून हे भिंतीवर मोजता येतं: १ मीटरवर दोन किरणांच्या पट्ट्यांच्या मध्यांत जे अंतर, तेच ५ मीटरवर हवं. वरच्या कोनाला तिथे १० मिमी फरक दिसेल.

हे मशीनच्या १ टक्का पॉवरवर करू नका. पीडब्ल्यूएममध्ये (लेझर झपाट्याने चालू-बंद करून पॉवर कमी करण्याच्या पद्धतीत) टक्का कमी झाला तरी प्रत्येक पल्स पूर्ण ताकदीचीच असते. ड्रायव्हर (डायोडला करंट देणारं सर्किट) सोडवून बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा पुरवठा) लावा: व्होल्टेज शून्यावर असताना जोडा, मर्यादा एका डायोडला ५ व्होल्ट (दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले असतील तर १०), करंट ०.३ अ‍ॅम्पिअरच्या आसपास. लेझर सुरू होण्याच्या उंबरठ्यावर एवढंच लागतं, चष्मा तरीही हवाच. पट्ट्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात भिंतीवर पाहा. जो आरसा किंवा छोटं भिंग लाकडी टूथपिकने हलतं, तेच सैल आहे. घट्ट बसलेल्याला हात लावू नका. जागेवर आणून यूव्ही गोंदाचा (अतिनील उजेडाने सुकणाऱ्या) बारीक थेंब द्या आणि यूव्ही टॉर्चने थोडं थोडं सुकवा. सुकताना गोंद आकसतो, म्हणून दर वेळी भिंत तपासा.

ड्रायव्हर परत जोडण्याआधी तो नकली लोडवर तपासा: एका लेझर डायोडच्या जागी पाच वन-एन-५४०८ (साधे रेक्टिफायर डायोड) सिरीजमध्ये आणि ०.१ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर. रेझिस्टरवर २०० मिलिव्होल्ट म्हणजे २ अ‍ॅम्पिअर. लाइन गेली-आली की झटक्याने ड्रायव्हर बिघडतात, आणि बिघडलेला ड्रायव्हर चांगला डायोड क्षणात मारतो. चालू ड्रायव्हरला डायोड कधीच जोडू नका, आउटपुटच्या कपॅसिटरमधला साठा पुरेसा असतो. मल्टिमीटरवर निळा डायोड ‘ओपन’ दिसला तरी मेलेला समजू नका, बऱ्याच मीटरचं व्होल्टेज त्याला पुरतच नाही. मेलेल्याची खूण वेगळी: पूर्ण करंटलाही नुसता फिका, पसरट निळा उजेड.

शेवटी तिरप्या फळीवर एक रेघ मारा. ती सर्वात बारीक जिथे, तिथली उंची मोजून फोकस ठरवा.