केहरवोखेची पाटी

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. खालच्या बाईंनी दारावर चिठ्ठी चिकटवली, ॲपने तिचं काहीतरी अगम्य भाषांतर करून दिलं, आणि शेवटी तू लिहिलंस, 'हा संध्याकाळी आला की त्यालाच खाली पाठवते.' चिठ्ठीचं काही नाही गं, जर्मनीत, त्यातून श्टुटगार्टात, चिठ्ठ्या येतातच. त्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र.

नवऱ्याला पाठवू नकोस. तू जा.

आधी चिठ्ठीचं बघू. दाराच्या मुठीला लटकणारी पाटी तू 'कुणीतरी चुकून लावली' म्हणून चपलांच्या कपाटावर ठेवलीस ना, ती केहरवोखेची. या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची, एवढाच तिचा अर्थ. चाळीतल्या सामाईक मोरीची पाळी असायची, तोच प्रकार. इथे याची मुळं १४९२ सालच्या नगर-नियमांपर्यंत नेतात. महापालिकेने १९८८मध्ये सक्ती काढली, तरी भाडेकरारांतून ती सुखाने नांदते आहे. तुमचा करार काढून बघ. छोटी केहरवोखे म्हणजे आपला मजला आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. मोठीत तळघराचा जिना, अंगण, कचऱ्याचे डबे ठेवायची जागा आणि फुटपाथ येतो. मोठी पाळी हिवाळ्यात आली तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत बर्फ ओढून खडी टाकायची. तिथे कुणी घसरलं तर प्रकरण विम्यापर्यंत जातं.

झाडताना वरून खाली ये. मग अर्धी बादली पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं. अंगण धुतो तसं पाणी ओतू नकोस, जुन्या इमारतींतल्या लाकडी पायऱ्या फुगतात आणि बोभाटा होतो. कठडा आणि जिन्यातल्या खिडकीची कड विसरू नकोस. बायका बोट फिरवून बघतात ती तिथेच. काम शनिवारपर्यंत उरकायचं. रविवारी केर काढणंसुद्धा कुणाच्या तरी कपाळाला आठी पाडतं, ड्रिल तर लांबच.

आता खाली जाऊन काय बोलायचं ते. 'ग्र्यूस गॉट. इश बिन दी नॉये आउस डेम ड्रिटन श्टॉक.' मी तिसऱ्या मजल्यावरची नवी. पुढे, 'क्योनन झी मीर त्साइगन, वी दी केहरवोखे गेट?' केहरवोखे कशी करतात दाखवाल का? 'झी'च म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही'. त्यांच्या दारावरचं आडनाव वाचून त्याच्या आधी 'फ्राउ', म्हणजे 'श्रीमती', लावून हाक मारायची. उत्तर इथल्या श्वेबिश बोलीत येईल आणि निम्मं कळणार नाही. न कळेना. त्या झाडू हातात घेऊन दाखवतील, ते कळेल. नवरा गेला तर काम होईल, पण त्या बाईंच्या लेखी तिसऱ्या मजल्यावर एक सभ्य इंजिनिअर आणि एक मुकी बाई राहते, हे कायमचं ठरेल.

मग टपालपेटी बघ. आत्ता, हे वाचता वाचता खाली उतर. पेटीवर आणि बेलवर फक्त त्याचं आडनाव आहे ना? तू माहेरचं नाव ठेवलंस, फार चांगलं केलंस, पण इथला पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही की पत्र परत. घरमालकाचा दाखला घेऊन दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी केलीस, त्यानंतर तुझा अकरा आकडी कर-क्रमांक पोस्टाने येतो. विम्याचं कार्ड आणि बँकेचा पिनही तसाच. महिना झाला, काही आलं नाही, म्हणून तू कचेरीला बोल लावते आहेस. पत्रं बहुधा येऊन परत गेली. दोन्ही आडनावांची पट्टी आजच लाव. पारपत्रात तुझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, ते इथे तुझंच दुसरं नाव समजतात. कुठल्याही अर्जावर पारपत्रात आहे तसंच, त्याच क्रमाने लिही. एकीकडे ते गाळलं आणि दुसरीकडे घातलं, तर कागदोपत्री दोन बायका तयार होतात.

आणि अर्ज तू भर. 'त्याचं जर्मन बरं आहे' हे कारण मला ऐकवू नकोस. त्याचं बरं आहे कारण तो बोलतो! मला लोक हट्टी म्हणतात, नवऱ्याची मदत घ्यायला कमीपणा वाटतो का असंही विचारतात. मदत घे की. त्याला शेजारी उभा कर, अडलं तर शब्द पुरवू दे, पण तोंड तुझं चाललं पाहिजे. मी हे फार उशिरा केलं, आणि तेव्हा 'वेळ वाचतो' म्हणत होते. कसला वाचतो.

निवासपत्र नीट वाच. काम करायची मुभा आहे असं त्यावर जर्मनमध्ये छापलेलं असतं आणि कित्येकींना ते माहीत नसतं. इंटिग्रेशन कोर्सचं विचार, त्यात ६०० तास भाषेचे आणि १०० तास इथल्या कायद्याचे नि समाजाचे असतात. एक गोष्ट रागावू नकोस, पण ऐकून ठेव. जोडीदाराच्या आधाराने मिळालेला निवासाचा हक्क साधारणपणे इथे तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर स्वतंत्र होऊ शकतो. तुमचं बिनसेल म्हणून सांगत नाही. आपले कागद आपल्याला पाठ असावेत.

फोडणीच्या वासाची फार धास्ती घेतली आहेस, तेवढी गरज नाही. पण खिडकी तिरकी उघडून ठेवतेस ते बंद कर. हिवाळ्यात त्याने भिंत गार पडते, कुकरची वाफ तिच्यावर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघड, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून. बाहेरच्या भिंतीपासून कपाट हातभर नाही, पण चार बोटं तरी सरकव. चुलीवरची चिमणी हवा बाहेर टाकते की गाळून पुन्हा आतच सोडते, तेही बघ. बुरशी धरली तर घरमालक अनामतीतून पैसे कापायला बघतो, आणि ती अनामत तीन महिन्यांच्या भाड्याएवढी असू शकते.

कचऱ्याचं त्या बाईंनाच विचार, आनंदाने सांगतील. फक्त काचेच्या बाटल्या रविवारी टाकायला जाऊ नकोस, आणि पंचवीस सेंटवाल्या प्लास्टिकच्या बाटल्या चेपू नकोस, मशीन घेत नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा. पण जिना कसा पुसायचा, हे त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नकोस. ज्यांना ठाऊक आहे त्या दोन मजले खाली राहतात.

पाटी कपाटावरून काढून पुन्हा मुठीला लाव. पाळी झाली की रविवारी संध्याकाळी ती पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. मुकाट्याने अडकवून पळून येऊ नकोस. बेल वाजव, नाव सांग, हातात दे.

तुझी,
मावशी