25 वर्षं जुनी, पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) डिझेल फोर बाय फोर घेतली आहे. घरीच दुरुस्त करून ती उंच करायची आहे, मोठे टायर आणि विंचही (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लावायचे आहेत. आधी काय घेऊ?

उंच करायचं किट आत्ता अजिबात घेऊ नका. नवी असताना गाडी जशी थांबायची, वळायची आणि सरळ चालायची, तशी ती आधी होऊ द्या. मोठे टायर लावले, उंची वाढवली की जुन्या गाडीतला प्रत्येक ढिलेपणा आणखी जाणवायला लागतो. मग दोष नव्या सामानाचा की जुन्या बुशचा (सांध्यातल्या रबरी अस्तराचा) हे शोधत बसावं लागतं, आणि ते फार वैतागवाणं काम आहे.

सुरुवात चासीपासून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून करा. चिखल धुऊन टाका आणि लहान हातोडीने सगळीकडे ठोकत जा, विशेषतः पाट्यांचे ब्रॅकेट आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, आतून गंजलेलं बद्द. बंद पेटीसारखी चासी आतून गंजत येते, त्यामुळे बाहेरचा रंग चांगला दिसला तरी विश्वास ठेवू नका. इथे वेल्डिंग निघालं तर ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. अनेक जुन्या जीप आणि लँड रोव्हरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियलमुळे (अ‍ॅक्सलच्या मधली, दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरपेटी, थोडक्यात डिफ) ते मोकळं फिरू शकतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा आणि गाडीचा भार स्टँडवर ठेवा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

मग ब्रेक. रबरी होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून तेलाची वाट अडवतात. पेडल सोडलं तरी एखादं चाक धरलेलंच राहतं. होज जुने असतील तर सगळेच बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेव्हा तेही पूर्ण नवं भरा.

खरा वेळ स्टिअरिंगला द्या. अशा गाड्यांची पुढची चाकं ठरावीक वेगाला थडथडायला लागली की बरेच जण आधी स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलतात. डँपर थरथर दाबतो, ढिलेपणा तसाच राहतो. त्यापेक्षा चाकं जमिनीवर असताना कोणाला तरी स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने एकेका टाय रॉड एन्डवर (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकाचे सांधे) हात ठेवत जा. जिथे खुळखुळा असेल तिथे बोटांना लगेच कळतं. नंतर पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यांवर वळतं त्या खिळी) गेलेत. या साध्या परीक्षेने विनाकारण होणारा खर्च वाचतो. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) बुशही याच वेळी बदला. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू मात्र सगळ्यात शेवटी. तो आधीच आवळला तर स्टिअरिंग मध्यावर जड होतं आणि मूळ दोष झाकला जातो.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफची ऑइल बदला. पण जुनं काढण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच अडकते. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर जीएल-5 घालू नका, त्यातली काही रसायनं गिअर सहज पडू देणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं आहे. तापलेला डिफ थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं छोटं तोंड) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला लांब नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर न्या. माझ्या मते ऑफ-रोड गाडीत करण्यासारखा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच.

इंजिन नीट सुरू होत असेल, फार धूर नसेल तर ऑइल, फिल्टर, बेल्ट, कूलंट एवढं करून तूर्त सोडून द्या. वायरिंगमध्ये आधी अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करा. हॅलोजन दिव्यापर्यंत पोचणारं व्होल्टेज 10 टक्के पडलं तर उजेड साधारण 30 टक्के घटतो, त्यामुळे नवे दिवे घेण्याआधी रिले आणि जाड वायर टाकून बघा.

आता तुमचा आवडता विषय. उंच पाट्यांनी बॉडी वर जाते, डिफ तिथेच राहतो. दगडाला आपटतो तो डिफ, आणि त्याला वर नेतात फक्त टायर. 215/75 आर 15 टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर, 235/75 चा 733. म्हणजे 30 मिलिमीटर वाढले तरी डिफ 15 च वर येतो, आणि स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी साडेबासष्टने पळते. गिअर तेवढे जड होतात, ब्रेकवरही ताण येतो. एवढी वाढ मला ठीक वाटते. त्याहून मोठे टायर हवे असतील तर डिफचे गिअर बदलायची तयारी ठेवा.

लांब शॅकल लावून उंची वाढवणं मला पटत नाही. पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असेल तर अ‍ॅक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. पाटे थकून बसले असतील तर मूळ उंचीचे नवे पाटे टाका. त्यानेच गाडी बरीच वर येईल, आणि किटची गरज उरली का हे तेव्हा दिसेल. तरीही उंच करायचीच असेल तर तुमच्याकडच्या वाहन नियमांत ते बसतं का बघा, ब्रेक होज लांब घ्या आणि शाफ्टचा कोन तपासा. कोन तीव्र झाला की क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात.

विंच सगळ्यात शेवटी, चासीची खात्री पटल्यावर. तो बंपरच्या पत्र्याला नको, चासीला बांधलेल्या माउंटवर हवा. आणि पाट्यांचं कुठलंही काम केलं असेल तर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे) टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने आवळा, थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासा. नवे पाटे बसले की हे बोल्ट ढिले पडतात.